फोन आपला, सही कंपनीची

जून २००७मध्ये अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला, तेव्हा त्यावर बाहेरचं एकही अ‍ॅप चढवता येत नव्हतं. काही आठवड्यांतच हौशी मंडळींनी त्याची कुलपं उघडली आणि ‘जेलब्रेक’ हा शब्द रूढ झाला. फेब्रुवारी २००८मध्ये अशा फोनांवर अ‍ॅप मिळवून देणारं जे फ्रीमन यांचं ‘सिडिया’ आलं. अ‍ॅपलचं स्वतःचं अ‍ॅप स्टोअर त्यानंतर, १० जुलैला उघडलं. कॉपी-पेस्ट आणि व्हिडिओ चित्रीकरण या सोयीसुद्धा जेलब्रेक केलेल्या फोनांवर आधी आल्या. कंपनीने त्या २००९मध्ये दिल्या. हा क्रम विसरला की जेलब्रेक म्हणजे निव्वळ चोरांचा उद्योग वाटू लागतो.

बाहेरचं अ‍ॅप चढवताना अडसर आहे तो सहीचा. अ‍ॅपमधल्या प्रोग्रॅमचे चार-चार किलोबाइटचे तुकडे पाडून प्रत्येकाचा गणिती ठसा काढतात आणि त्या ठशांच्या यादीवर अ‍ॅपलने मान्य केलेल्या प्रमाणपत्राने डिजिटल सही होते. तुकडा मेमरीत येताना फोनच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ठसा ताडून पाहतो. जुळला नाही तर अ‍ॅप तिथेच बंद. त्याआधी, अ‍ॅप बसवतानाच, ‘इन्स्टॉलडी’ नावाचा प्रोग्रॅम सही तपासतो. जेलब्रेकमध्ये कर्नलची तपासणी सैल होते, पण इन्स्टॉलडी अडून बसतो. ‘अ‍ॅपसिंक’ हे साधन नेमकं इथे हात घालतं: सही तपासणाऱ्या फंक्शनचं उत्तर ते मधल्यामध्ये बदलतं आणि बिनसहीचं अ‍ॅप मुकाट्याने बसतं.

अ‍ॅपलचं वर्षाला ९९ डॉलरचं डेव्हलपर-शुल्क न भरता स्वतःचं अ‍ॅप स्वतःच्या फोनवर चालवून पाहणाऱ्यांना हे वरदान होतं. पण विकतची अ‍ॅप फुकट वाटणाऱ्यांनीही तेच वापरलं. ‘हॅक्युलस’ गटाचं ‘इन्स्टॉलस’ त्यासाठीच प्रसिद्ध होतं. २०१२ संपता संपता तो गट बंद झाला. एकट्या प्रोग्रॅमरच्या कष्टाचं अ‍ॅप असं लुटणं मला मुळीच समर्थनीय वाटत नाही.

धोकाही खरा आहे. जेलब्रेकनंतर दुरून फोनमध्ये शिरण्याची एसएसएच सोय अनेकांनी बसवली, पण ‘अल्पाइन’ हा मूळ पासवर्ड तसाच ठेवला. नोव्हेंबर २००९मध्ये ऑस्ट्रेलियात ‘इकी’ हा आपोआप पसरणारा ‘वर्म’ प्रोग्रॅम त्याच दारातून शिरला आणि वॉलपेपरवर गायक रिक अ‍ॅस्टलीचा फोटो लावून गेला. ते थोडक्यात निभावलं. २०१५मध्ये उघडकीस आलेल्या ‘कीरेडर’ने मात्र जेलब्रेक केलेल्या फोनांतून सव्वादोन लाखांवर अ‍ॅपल खात्यांचे तपशील चोरले. फुकट अ‍ॅप मिळवून देणारी साधनं या चोरलेल्या खात्यांवर चालत होती.

अमेरिकेत २०१०पासून कॉपीराइट कायद्याच्या सवलतीने फोनचं जेलब्रेक वैध ठरलं. २०१५पासून अ‍ॅपल साध्या खात्यावरही स्वतःचं अ‍ॅप फुकट साइन करू देतं, पण ती सही सात दिवसांत संपते. युरोपीय संघात मार्च २०२४पासून इतर अ‍ॅप-दुकानांना परवानगी मिळाली. तिथल्या अ‍ॅपनाही अ‍ॅपलची तपासणी चुकत नाही.

तपासणी हवीच, पण ती बंद करण्याचा शेवटचा अधिकार पैसे मोजून फोन घेणाऱ्याचा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर ज्यांना हा प्रयोग करायचाच आहे त्यांनी तो जुन्या, बँकेचं अ‍ॅप आणि नेहमीचं खातं नसलेल्या फोनवर करावा, आणि एसएसएच बसवलं तर सर्वांत आधी पासवर्ड बदलावा.