ताण आणि दवाखान्याची पायरी

२००६च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा संघ मैदानात उतरला की म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांची धावपळ वाढे. त्या दिवसांत हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या सुमारे अडीच पटींवर गेल्या, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तीव्र ताणात अॅड्रेनलिन उसळतं, नाडी आणि रक्तदाब वाढतो. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना ते झेपत नाही.

रोजच्या ताणाचं गणित वेगळं.

डोकं ठणकतं, पित्त उसळतं, छातीत धडधडतं. माणूस गोळी घेतो, तपासण्या करतो, रिपोर्ट नॉर्मल येतात, तरी तक्रार उरतेच. मात्र सारखाच ताण असलेले सगळेच दवाखाना गाठत नाहीत. डेव्हिड मेकॅनिक आणि एडमंड व्होल्कार्ट यांनी १९६१मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखवलं, की ताणाबरोबरच आजारपण मान्य करून मदत मागण्याची वृत्तीही महत्त्वाची असते. कुणी लगेच धावतो, कुणी ‘होईल बरं’ म्हणत अंगावर काढतो.

त्यात मनाच्या डॉक्टरकडे जायला तर आपल्याकडे अजूनही अनेकजण कचरतात. अशांसाठी केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून मोफत उपलब्ध आहे. त्यावर मराठीतही बोलता येतं.