कुलवृत्तांतातील चलनमूल्य

वाटणीपत्रे, कर्जखते, गहाणखते, जमाखर्चाच्या वह्या इ. घरगुती कागदपत्रांतील रकमांचा तत्कालीन अर्थ लावण्याची पद्धती. कुलवृत्तांत लिहिताना जुन्या रकमेला एखाद्या ठोकळ आकड्याने गुणून तिचे ‘आजचे मूल्य’ काढण्याचा मोह होतो. परंतु मुळात ती रक्कम कोणत्या रुपयातील, हे आधी पाहावे लागते.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी इ. निरनिराळे रुपये एकाच वेळी चालत आणि सराफ वजन, कस व झीज पाहून बट्टा आकारीत. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा रुपया प्रमाण ठरविला. निजामाच्या मराठवाड्यात मात्र पुढेही हाली सिक्का चालू राहिला. त्याचे ७ रुपये सर्वसाधारणपणे ६ कलदार (इंग्रजी) रुपयांबरोबर धरीत. त्यामुळे पैठणच्या घरातील ७०० आणि शेवगावच्या घरातील ६०० रुपयांचा हुंडा वस्तुतः सारखाच असू शकतो.

१ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. हिशेबात आकड्यापुढील एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा व तीन म्हणजे पाऊण. नवखा वाचक त्यांना विरामचिन्हे समजून सोडून देतो. वाटणीपत्रातील आणे तर पुष्कळदा पैसेच नसतात : ‘चार आणे’ म्हणजे चौथा हिस्सा, ‘पाच आणे चार पै’ म्हणजे तिसरा. हे न कळल्यास वारसाच्या हिश्श्याची क्षुल्लक रक्कम होऊन बसते. बलुतेदाराचे उत्पन्न बव्हंशी धान्यात मिळे. ते रोख जमेत दिसत नाही, एवढ्यावरून त्याला निर्धन ठरविता येत नाही.

नाणे तेच राहूनही त्याची क्रयशक्ती पालटते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव भडकले व दख्खनमधील शेतकऱ्यांची पतही वाढली. पुढे भाव उतरले, पण रोख सारा व सावकाराचे देणे उतरले नाही. तेवढेच रुपये उभे करण्यास अधिक माल विकावा लागे. पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ च्या दंग्यांत सावकारांकडील कर्जखते जाळली, त्यामागील एक कारण हे होय. अशा काळातील खतावरून ‘थोड्याशा कर्जापायी पूर्वजाने जमीन घालविली’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. कर्ज घेतले त्या वर्षीचा व जमीन गेली त्या वर्षीचा ज्वारीचा भाव त्याच घरच्या वहीत सापडल्यास, दोन्ही वेळी ते कर्ज किती मण ज्वारीचे होते हे काढता येते. [⟶ नाणी व नाणकशास्त्र].