धर्मयुद्धें आणि आमची खाडी

घणसोलीच्या खाडीकाठीं उभें राहून पश्चिमेस पाहिलें असतां समोर साष्टीचा किनारा दिसतो. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, तेव्हांपासून १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेईपर्यंत त्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. ख्रिस्ती व मुसलमान यांच्या जुन्या धर्मयुद्धांशीं आपला संबंध काय, असें विचारणाऱ्यास ही खाडीच उत्तर देईल.

१०९५ सालीं पोप दुसरा अर्बन यानें धर्मयुद्धाची हांक दिली. १०९९ मध्यें जेरुसलेम पडलें व विजयी सैन्यानें तेथील मुसलमान व यहुदी यांची कत्तल केली. ११८७ मध्यें सलाहुद्दीननें तें शहर परत घेतलें. पुढें १२०४ सालीं ह्याच क्रूसधारी सैन्यानें कॉन्स्टँटिनोपल हें ख्रिस्ती शहर लुटलें, आणि त्या लुटींत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचा वांटा मोठा होता. १२९१ सालीं अक्का पडलें, म्हणून इतिहासाचें हें प्रकरण तेथेंच संपलें असें पुष्कळांस वाटतें. परंतु टेंपलर पंथाची पोर्तुगालांतील मालमत्ता १३१९ सालीं निघालेल्या ख्रिस्त-पंथाकडे गेली, आणि त्याच पंथाचा क्रूस शिडांवर मिरवीत पोर्तुगीज गलबतें आमच्या समुद्रांत आलीं.

१५०८ सालीं चौलच्या बंदरांत इजिप्तच्या सुलतानाच्या आरमारानें त्यांस गांठलें. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा तेथें पडला. पुढल्याच वर्षीं बापानें दीव येथें त्याचा सूड घेतला. भांडण धर्माचें म्हणावें, तर कालिकतचा हिंदु सामुरी इजिप्तच्या बाजूस कां? कारण उघड आहे. मिरीचा माल तांबड्या समुद्रानें इजिप्तांत जाई व त्यावरील जकात सुलतानास मिळे. तो मार्ग पोर्तुगीजांस तोडावयाचा होता.

१५१० सालीं आल्बुकेर्कनें आदिलशहाकडून गोवें घेतलें व तेथील मुसलमानांची कत्तल केली. त्यास साह्य करणारा तिमय्या हिंदु होता! शत्रूचा शत्रु तो आपला मित्र, हा हिशेब किती कच्चा ठरला हें पुढें दिसलें. तीस-एक वर्षांतच गोव्यांतील देवळें पडूं लागलीं, आणि १५६० सालीं इन्क्विझिशनचें न्यायासन तेथें बसलें.

लढणाऱ्या सर्वांचीच श्रद्धा खोटी होती, असें आमचें म्हणणें नाहीं. साध्या शिपायाची श्रद्धा बहुधा खरीच असते. परंतु तिच्या भांडवलावर नफा दुसराच कोणी काढतो, हें दुःख आहे. ह्याच्या उलट उदाहरणही आमच्याच किनाऱ्यावर आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली, तेव्हां मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहांत देण्यांत आली. त्या रयतेचे वंशज आजही वसईंत मराठीच्याच बोली बोलतात.

न्यायालयांत केवळ शपथेवर निकाल होत नाहीं. पुरावा तपासावा लागतो. धर्म संकटांत आहे अशी आरोळी कानीं पडेल, तेव्हां सुज्ञ नागरिकांनीं व विशेषतः व्यापारी बंधूंनीं प्रथम एवढेंच विचारावें: ह्या युद्धाची जकात कोणाच्या पेटींत पडणार? उत्तर मिळेपर्यंत आपल्या शेजाऱ्यावर हात उगारूं नये.