हळद दिसेल असा उजेड

आमच्या पेण-अलिबाग-उरण पट्ट्यात डीजेची परीक्षा लग्नाच्या दिवशी होत नाही, आदल्या रात्री होते. आगरी-कोळी घरातली हळद म्हणजे अख्खं गाव अंगणात जेवतं आणि अख्खं गाव अंगणात नाचतं. 1998 पासून मी या अंगणांत दिवे लावतो आहे. साउंडबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, कुणाचा बेस किती घुमतो यावर गावागावांत पैजा लागतात. दिवे मात्र सगळ्यांना दिसतात आणि कुणीच त्यांच्याबद्दल बोलत नाही. म्हणून हा मागोवा फक्त दिव्यांचा.

सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे आठ पार कॅन होते, एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून जुने घेतलेले. पार 64, प्रत्येकात 1000 वॅटचा दिवा. आठ दिवे एकदम लावले की 230 व्होल्टवर जवळजवळ 35 अँपियर खेचायचे. गावातल्या घराच्या मीटरला एवढा भार कुठून झेपणार? त्यामुळे त्या काळी दिवे निवडणं म्हणजे रंग निवडणं नव्हतं, अँपियर मोजणं होतं. लग्नघरी पोचलो की मी आधी मीटर बघायचो, मग शेजाऱ्यांचा मीटर, मग अंगण. चार दिवे इकडून, दोन तिकडून, आणि उरलेले दोन टेम्पोतच. दिवे टेम्पोत राहिले की यजमानाचा चेहरा पडायचा, पण वायर गरम होण्यापेक्षा ते बरं.

एकदा थ्री-फेजच्या लाईनवर न्यूट्रल सुटला. न्यूट्रल सुटला की 230 च्या उपकरणांना तीनशे-साडेतीनशे व्होल्ट मिळू शकतात. त्या घरातला टीव्ही आणि पंखे गेले. लाईन दुसऱ्या कुणी ओढून दिली होती, पण माझे दिवे लावण्याआधी ती तपासणं माझं काम होतं. मी ते केलं नव्हतं. पैसे भरून दिले. तेव्हापासून माझा स्वतःचा बोर्ड, त्यावर जास्त भार किंवा गळती झाली की वीज तोडणारे एमसीबी आणि ईएलसीबी, आणि मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय एकही दिवा चालू करायचा नाही, हा नियम आजपर्यंत मोडलेला नाही.

रंग यायचा जिलेटीन पेपरमधून. मुंबईच्या लोहार चाळीत तारा आणि दिवे घ्यायला गेलो की तिथून तोही आणायचो. त्यातला निळा सगळ्यात आधी जळायचा. कारण साधं आहे. तारेच्या दिव्यात निळा उजेड मुळातच थोडा असतो, गडद निळा कागद तेवढाच पुढे सोडतो आणि बाकीचं सगळं स्वतः पितो. एका रात्रीत त्याला मधोमध भोक पडायचं. म्हणून निळा महाग, निळा दुर्मीळ. एखादा निळा पार कोपऱ्यात, बाकी अंबर आणि लाल. 1998 ते साधारण 2008 पर्यंतच्या आमच्याकडच्या हळदीचे फोटो काढून बघा, सगळे पिवळसर-तांबूस. तो रंग कुणी ठरवलेला नव्हता, दिव्याने ठरवला होता.

याच काळात एका हळदीने मला शिकवलं. अंगणात चारी बाजूंनी लाल लावला होता. पोरं खूश, गाणं रंगात. नवरीची आजी उठून माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाला, पोरीची हलद दिसत नाय रं." मी नवरीकडे पाहिलं. खरंच दिसत नव्हती. पाच सवाष्णींनी गालाला, हाताला, पायाला लावलेली हळद अंगावर होती, पण डोळ्याला नव्हती. पुढे विचार करून समजलं की लाल उजेडात पिवळी वस्तू आणि पांढरी वस्तू दोन्ही लालच दिसतात, कारण दोन्ही लाल परत फेकतात. आणि हातातला हिरवा चुडा लाल उजेडात काळा पडतो. ज्या दोन रंगांसाठी ती रात्र असते, ते दोन्ही माझ्या लाल दिव्यांनी पुसून टाकले होते. मी त्याच वेळी नवरीच्या समोरच्या दोन कॅनचे कागद काढले आणि उघडा उजेड टाकला. आजी परत जाऊन बसली. एवढंच झालं, पण या धंद्यात मला मिळालेला तो सगळ्यात मोठा धडा आहे.

2005 साली भारनियमनाने गावं अंधारात बुडाली आणि जनरेटर लग्नाच्या यादीत कायमचा आला. त्याच वर्षी टाटाचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, रस्त्यावर आला. ऐकायला किरकोळ वाटेल, पण फिरत्या डीजेचा संच किती मोठा हे शेवटी गाडीचा हौदा ठरवतो. माझ्या छोट्या हत्तीचा हौदा सव्वादोन मीटरच्या आसपास लांब, म्हणून दिवे टांगायच्या ट्रसचे तुकडे दोन मीटरचे. अजूनही तेच.

मग आला एलईडी. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी 1993 साली भरपूर उजेड देणारा निळा एलईडी बनवून दाखवला. या शोधासाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि इसामू अकासाकी, हिरोशी अमानो यांना मिळालं. लाल आणि हिरवा आधीपासून होते, निळा अडला होता. तो सुटला आणि तिन्ही रंग एका डब्यात बसले. आमच्या अंगणापर्यंत तो डबा यायला पंधरा-सोळा वर्षं लागली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी पहिले आठ एलईडी पार आणले, प्रत्येकात तीन-तीन वॅटचे 54 दिवे. आठांचा मिळून भार सहा अँपियरच्या आत. ज्या घराचा मीटर चार कॅनला कुरकुरायचा, त्याच मीटरवर सगळे आठ चालले आणि वर मिक्सरही चालला. त्या रात्री आनंदाने मला झोप लागली नाही, हे खरं सांगतो.

पण या डब्याने सगळं उलटं केलं. जो निळा सगळ्यात दुर्मीळ होता तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रखर झाला. 2010 नंतरची लग्नं निळी-जांभळी का झाली, याचं उत्तर कुणाच्या आवडीत शोधू नका, या डब्यात शोधा. बटण दाबलं की निळा, म्हणून निळा. आणि निळ्यात हळदीचं काय होतं? हळद पिवळी दिसते तीच मुळी निळा उजेड गिळून टाकते म्हणून. तिच्यावर फक्त निळा टाकला तर ती काळपट दिसते, माती लागल्यासारखी. लाल आणि हिरवा मिसळून पिवळा केला तर कातडी, कपडे, भिंत सगळंच पिवळं होतं आणि हळद त्यात हरवते. तिन्ही मिसळून केलेला पांढरा नुसत्या डोळ्याला पांढराच वाटतो, पण त्यात मधले रंग तुटक असतात, त्यामुळे चेहरे आजारी दिसतात. आजीची तक्रार एलईडीनेही सोडवली नाही, उलट वाढवली.

त्या स्वस्त पारांची दुसरी खोड कॅमेऱ्याने पकडली. एलईडीचा उजेड मंद करायचा तर तो फार वेगाने चालू-बंद केला जातो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. एका हळदीच्या चित्रीकरणात नवरीच्या तोंडावरून काळे पट्टे सरकताना दिसत होते. पुन्हा हळद लावता येत नाही. तेव्हापासून नवा दिवा घेताना मी दुकानातच तो मंद करतो आणि व्हिडिओवाल्या मित्राचा कॅमेरा त्याच्यासमोर धरतो. पट्टे दिसले तर तो दिवा फुकट दिला तरी घेत नाही.

शार्पीबद्दल थोडक्यात. इटलीच्या क्ले पाकीने 2010 साली शार्पी बाजारात आणला. अवघा 189 वॅटचा दिवा, पण झोत भाल्यासारखा. थोड्याच वर्षांत त्याच्यासारखे 230 वॅटचे चिनी बीम आले आणि कुठल्याही कंपनीचा असला तरी आपल्याकडे त्याला शार्पीच म्हणतात. वरातीत, मोठ्या मैदानात तो शोभतो. अंगणात नाही. झोत दिसायला हवेत धूर लागतो आणि आमच्याकडे संध्याकाळचा वारा धूर दोन मिनिटांत वाडीत नेतो. शिवाय त्याचा दिवा एकदा विझला की गार होईपर्यंत पेटत नाही. जनरेटरने उचकी दिली की कित्येक मिनिटं अंधार. आणि जवळच्या मांडवाच्या कापडावर झोत स्थिर राहिला तर कापड करपतं. मी चार घेतले, दोन विकले.

लेझर मी दोन हंगाम भाड्याने आणला आणि थांबवला. 2023 च्या गणेशोत्सवात लेझरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या कोल्हापूर-पुण्याकडून आल्या आणि पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी मिरवणुकीत त्यावर बंदी घातली. लग्नात लहान मुलं सगळ्यात पुढे, दिव्याकडे तोंड करून नाचतात. तिथे लेझर लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

2020 मध्ये कोविडमुळे पन्नास माणसांची लग्नं आली. 2021 च्या एप्रिलमध्ये तर 25 माणसं आणि दोन तास. ट्रस नाही, नाच नाही. मी एकटा, दोन दिवे घेऊन जायचो. त्या लग्नांमध्ये मला पहिल्यांदा नीट बसून बघायला मिळालं की दिवा नेमका कशावर पडतो. अंतरपाटामागून उजेड आला तर नवरीची सावली कापडावर उमटते आणि नवरदेवाकडच्यांना ती आधीच दिसते. तो उजेड बाजूने, थोडा वरून हवा. मंगलाष्टकं चालू असताना एकही दिवा हलता कामा नये. अंतरपाट खाली आला की दोन्ही चेहऱ्यांवर एकसारखा उजेड असायला हवा. गोरज मुहूर्त असेल तर बाहेरचा संधिप्रकाश मिनिटामिनिटाला निळा होत जातो, म्हणून आतला दिवा दर थोड्या वेळाने हाताने मंद करावा लागतो. हे आवाजावर दिवे नाचवणाऱ्या कुठल्याही साउंड-टू-लाइट बटणाला जमत नाही.

आज माझ्या यादीत पहिले चार दिवे 200 वॅटचे वॉर्म व्हाइट सीओबी एलईडी पार आहेत, 3200 केल्विनचे, म्हणजे जुन्या तारेच्या दिव्याच्याच रंगाचे. दोन नवरीच्या चौरंगासमोर दोन्ही बाजूंनी, माणसाच्या डोक्याच्या बरेच वर, खाली झुकवलेले. एक मागून, केसांची कड उठावी म्हणून. एक सवाष्णी आणि धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाणारी धवलारीण बसतात तिथे. हे चार एका वेगळ्या लाईनवर, दिवे चालवणाऱ्या डीएमएक्सच्या वेगळ्या चॅनेलवर, आणि नाच कितीही रंगला तरी त्यांना कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. रंगीत पार, बीम, स्ट्रोब यांची जागा त्यानंतर, नाचणाऱ्यांच्या बाजूला, चौरंगाकडे पाठ करून. पैसे कमी असतील तर मी रंगीत दिवे कमी करतो, हे चार कमी करत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री 10 ला स्पीकर बंद होतात. दिव्यांना असा नियम नाही. म्हणून 10 नंतर रंगीत सगळे बंद करून मी ते चार चालू ठेवतो. धवले माइकशिवाय चालतात, उरलेली हळद तेव्हाच लागते, आणि घरातली म्हातारी माणसं तेव्हाच अंगणात येऊन बसतात. यासाठी मी वेगळे पैसे घेत नाही.

येत्या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एक विनंती. डीजे ठरवताना किती शार्पी, किती पार हे विचाराच, पण त्याआधी विचारा की नवरीच्या समोर कोणता दिवा लावणार आणि तो रात्रभर तसाच राहणार का. त्याला उत्तर देता आलं नाही तर हळदीच्या आदल्या दिवशी त्याला अंगणात बोलवा, तळहातावर थोडी ओली हळद घ्या आणि त्याच्या दिव्याखाली धरून बघा.