डायलमागचा दिवा

"बाकी सगळं चालू आहे, फक्त लाइट लागत नाही," असं सांगत कुणी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ माझ्यासमोर ठेवतं, तेव्हा मी आधी सेट फिरवून त्याची पाठ बघतो. काचेचा डायल, त्यावरची स्टेशनांची नावं, स्पीकरचं सोनेरी कापड, हे सगळं नंतर. मागे वायर आत जाते त्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मरवाल्या बहुतेक सेटना एक छोटा प्लग किंवा फिरवायची चकती असते आणि शेजारी आकडे असतात: 200, 220, 240. ही चकती 220 वर असेल आणि घरातल्या पॉइंटला मीटर 240 दाखवत असेल, तर दिवा का गेला याचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

हे डायलचे दिवे सहसा व्हॉल्व्हच्या हीटरच्याच वाइंडिंगवर, 6.3 व्होल्टवर लावलेले असतात. चकती 220 वर ठेवून 240 दिले की त्या 6.3 चे जवळजवळ 6.9 होतात. अर्धा व्होल्ट जास्त, एवढ्यानं काय बिघडतं, असं वाटतं. पण टंगस्टनच्या तारेचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताच्या उलट्या प्रमाणात बदलतं. नऊ टक्के व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य तिसऱ्या हिश्शावर येतं. "दोनतीनदा बदलला, पण टिकतच नाही" अशी तक्रार असते तेव्हा बल्बाला दोष देण्यात अर्थ नसतो. तेच जादा व्होल्टेज आतल्या व्हॉल्व्हच्या हीटरलाही मिळत असतं, आणि ते व्हॉल्व्ह आता सहजासहजी मिळत नाहीत. म्हणून गेलेला दिवा मला सेटनं दिलेला निरोप वाटतो. तो न वाचता नवा बल्ब लावून सेट परत देणं मला पटत नाही.

सेट उघडताना प्लग काढलेला हवा हे खरंच, पण तेवढं पुरत नाही. फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. ते रेझिस्टर लावून उतरवायचे, मीटरनं खात्री करायची आणि मगच आत हात घालायचा. ज्या सेटला मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नाही, म्हणजे एसी-डीसी सेट, त्यात चासी थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली असू शकते. पूर्वी काही शहरांच्या काही भागांत डीसी वीज होती, तिथं चालावेत म्हणून हे सेट निघाले. अशा सेटची चासी चालू स्थितीत बोटानं चाचपायची नाही. प्लग उलटा बसला असेल तर जिवावर बेततं.

नॉब काढायला पक्कड लावू नये. नॉबच्या मागून कापडी नाडी फिरवायची आणि दोन्ही टोकं सरळ आपल्याकडे ओढायची. बॅकेलाइट न चिरता नॉब निघतो. काही नॉबना बाजूनं बारीक स्क्रू असतो, वर मेण किंवा मळ बसल्यानं तो दिसत नाही. तळाचे स्क्रू सोडवले, स्पीकरची वायर सुटी केली, की चासी मागे सरकते आणि पहिल्यांदाच डायल पाठीमागून दिसतो.

इथं सावकाशीनं काम करावं. डायलवरची अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला रंगानं छापलेली असतात. काचेला साठ वर्षांची धूळ चिकटलेली पाहून माणूस ओलं फडकं घेतो आणि एका हातात अर्धा मीटरबँड पुसून टाकतो. पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको. मऊ कोरडा ब्रश, तोही अक्षरांना टेकेल न टेकेल असा. एकदा गेलेलं "सिलोन" परत येत नाही. पूर्वी बुधवारी रात्री आठ वाजता घरोघरी काटा त्याच खुणेकडे सरकायचा. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला 25 आणि 41 मीटरवर लागायची, आणि शॉर्टवेव्हवर नॉब केसभर हलला तरी दुसरंच स्टेशन येतं. दिवा नसेल तर अंधारात चाचपडत बसावं लागायचं. त्या काळी डायलचा दिवा शोभेचा नव्हता, कामाचा होता.

आता बल्ब. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, खाली पितळी टोपी, आट्यांची किंवा खिळीची. वर्षानुवर्षं न हलवल्यानं टोपी होल्डरमध्ये जाम होते. नुसती काच धरून पिळली तर ती टोपीपासून सुटून हातात येते आणि टोपी आतच राहते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बल्बभोवती गुंडाळून, आधी थोडं घट्ट आणि मग सैल असं दोन्हीकडे फिरवत काढला की सहसा निघतो.

काढलेला बल्ब लगेच फेकू नका. भिंगाखाली धरा. तार मधोमध तुटून टोकं लोंबत असतील तर विषय संपला. काचेच्या आत आरशासारखा काळसर थर असेल तर तार झिजत झिजत गेली. तो थर म्हणजे उडून काचेवर बसलेलं टंगस्टनच. पण कितीतरी वेळा तार शाबूत असते. मीटर लावला की चार-पाच ओहम दाखवतो. 0.15 अँपिअरच्या बल्बाची तापलेली तार बेचाळीस ओहमची असते आणि थंड असताना तिचा रोध दहावा हिस्सा होतो, म्हणजे बल्ब चांगला आहे. दोष होल्डरचा. पितळेवर हिरवट थर चढलेला असतो, किंवा बल्बाच्या बुडाचा सोल्डरचा ठिपका दबून चपटा झाल्यानं खालच्या पत्तीला टेकत नाही. पत्ती घासून किंचित वर उचलायची, ठिपक्यावर थेंबभर नवं सोल्डर द्यायचं. असा सैल बल्ब कधी कधी आवाजातही खरखर आणतो आणि माणूस व्हॉल्व्ह बदलत बसतो.

बल्ब खरंच गेला असेल तर टोपीवरचे आकडे भिंगानं वाचायचे. व्होल्टेज सगळे बघतात, अँपिअर कुणी बघत नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्याच आट्यांचे बल्ब मागितले तर टॉर्चचेही पुढे येतात. दोन सेलच्या टॉर्चचा बल्ब 2.5 व्होल्टचा, तो त्याच होल्डरमध्ये छान बसतो आणि चालू करताक्षणी जातो. सायकलच्या डायनामोचा 6 व्होल्टचा बल्ब टिकतो, पण 3 वॉटचा असेल तर अर्धा अँपिअर घेतो आणि तापून मागचा कागद करपवतो. अमेरिकन बल्बांत एक चांगली सोय आहे. आत तारेला आधार देणाऱ्या काचेच्या मण्याचा रंग बघायचा: 47 नंबरचा, 0.15 अँपिअरचा असेल तर मणी तपकिरी, 44 नंबरचा, 0.25 अँपिअरचा असेल तर निळा. टोपीवरचे आकडे पुसले तरी मणी सांगतो.

अँपिअरचा हा आग्रह का, ते अमेरिकेत लाखोंनी खपलेल्या पाच व्हॉल्व्हच्या सेटमध्ये नीट कळतं. त्यात 12SA7, 12SK7, 12SQ7, 50L6 आणि 35Z5 या व्हॉल्व्हचे हीटर एकामागे एक जोडलेले असतात. सगळ्यांच्या व्होल्टेजची बेरीज तिकडच्या मेन्सइतकी होते, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागत नाही. 35Z5 च्या हीटरला मध्येच एक फाटा काढलेला असतो आणि डायलचा बल्ब त्या छोट्या तुकड्याला समांतर जोडलेला असतो. सेट ज्यावर चालतो तो डीसी करंटही तिथूनच जातो. बल्ब गेला की हा सगळा भार हीटरच्या त्या इवल्याशा तुकड्यावर पडतो. "लाइटच गेलाय ना, राहू दे" म्हणून सेट तसाच वाजवत राहिलं, तर एक दिवस तो तुकडा जळतो आणि माळेतला एक मणी तुटावा तसे पाचही व्हॉल्व्ह एकदम विझतात. तिथं एलईडी लावणंही तितकंच चुकीचं, कारण बल्बाच्या वाटचा करंट तो घेऊच शकत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या सेटला एलईडी चालतो, ब्रिज रेक्टिफायर दिला तर लुकलुकतही नाही. तरी मी तो लावत नाही. त्या डायलचे पिवळे, हिरवे रंग तारेच्या उबदार उजेडात बघायलाच केलेले आहेत. पांढऱ्या एलईडीत अक्षरं निर्जीव दिसतात आणि काचेवरचे ओरखडे आधी नजरेत भरतात. तारेचा बल्ब फार जातो ही अडचण खरी, पण तिला उपाय आहे. 0.15 अँपिअरच्या प्रत्येक बल्बाला 3.9 ओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर स्वतंत्र द्यायचा. बल्बाला 5.7 व्होल्टच्या आसपास मिळतात, उजेड साधारण पाव हिश्शानं कमी होतो आणि आयुष्य तिपटीच्या घरात जातं. उजेड कमी झालेला पहिल्या दिवशी जाणवतो, नंतर डोळ्यांना तोच बरा वाटतो.

सत्तरच्या दशकातल्या जपानी स्टिरिओ रिसीव्हरमध्ये प्रकार वेगळा. त्यांच्या डायलमागे काचेच्या फ्यूजसारखे दिसणारे लांबट दिवे असतात, बरेचसे 8 व्होल्टचे. दिवा समजून फ्यूज आणि फ्यूज समजून दिवा बसवलेला मी पाहिला आहे. पहिल्यात वाइंडिंग शॉर्ट होतं. दुकानात जाताना जुना नमुना बरोबर न्या, नुसत्या आकारावर भरवसा ठेवू नका.

डायलला दोन बल्ब असतील तर दोन्ही एकाच वेळी बदलतो. एक जुना आणि एक नवा असला की डायलची एक बाजू पिवळी, दुसरी पांढुरकी दिसते. मागची चकती 240 वर घेतो, सेट लावतो आणि होल्डरवर मीटर धरून व्होल्टेज बघतो. दिवे लगेच लागतात, आवाज यायला मात्र वेळ लागतो, व्हॉल्व्ह तापायचे असतात. झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून पेन्सिलनं लिहितो: बल्ब 6.3 व्होल्ट, 0.15 अँपिअर, दोन, प्रत्येकी 3.9 ओहम, चकती 240 वर. पुढचा मेकॅनिक कोण असेल माहीत नाही, पण टोपीवरचे आकडे शोधत त्याला भिंग धरावं लागणार नाही.