तिकीटबारीचा गल्ला आणि कलाकृतीचे मूल्य

नाटक वा चित्रपट यांच्या यशाची चर्चा पुष्कळदा गल्ल्याच्या आकड्यापाशी थांबते. हा आकडा गुणवत्तेचा निकष ठरू शकतो काय, हे तपासताना मालवणी रंगभूमीचा अनुभव उद्बोधक ठरतो.

गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आले. द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसविणाऱ्या गावकऱ्यांची फजिती हा त्याचा विषय. तात्या सरपंचाची भूमिका मालवण तालुक्यातील रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी यांनी अजरामर केली. आरंभीच्या प्रयोगांना प्रतिसाद बेताचाच होता. पुढे पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून मनमोकळी दाद दिली आणि चित्र पालटले. कालांतराने प्रयोगसंख्या ५,००० च्या पुढे गेली. प्रयोग सरावाने मुरतो हे मान्य केले, तरी एवढ्या अंतराचा उलगडा त्यातून होत नाही. नाटक मुळात तेच होते. बोलीतील नाटकाकडे पाहण्याची प्रेक्षकांची दृष्टी मात्र बदलली. गल्ला मोजतो ती कलाकृतीची व प्रेक्षकाची भेट. भेट घडली नाही म्हणून कलाकृती उणी ठरत नाही.

याच भूमीतील दशावतार परंपरेने जत्रेत, देवळाच्या आवारात, तिकिटाविना रात्रभर रंगतो. तेथे गल्ल्याचा निकष लागूच होत नाही. तरीही जाणकार रसिक उत्स्फूर्त संवाद, गायन व अभिनय यांवरून मंडळामंडळांत तारतम्य करतातच. म्हणजे मूल्यनिर्णयाला तिकीटबारीची अपरिहार्यता नाही.

चित्रपटाच्या बाबतीत तिकिटाचा दर, चित्रपटगृहांची संख्या, खेळांच्या वेळा आणि जाहिरात हे घटक आकड्यात मिसळलेले असतात. 'श्यामची आई' नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीला पुन्हा मिळाला तो 'श्वास' मुळे, २००३ या वर्षासाठी. २०१६ च्या 'सैराट' ने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचा उच्चांक गाठला. त्यावरून 'श्वास' कमी प्रतीचा ठरत नाही. तसेच 'सैराट' उथळ असल्याचेही सिद्ध होत नाही. अधिक गल्ला म्हणजे हीन अभिरुची, हा पूर्वग्रहही तितकाच त्याज्य होय.

तात्पर्य, गल्ला हा अभिरुचीच्या इतिहासाचे साधन आहे. कलाकृती कोणापर्यंत, केव्हा व कशामुळे पोहोचली, याचा शोध घेण्यास तो उपयुक्त ठरतो. तिचे मूल्य ठरविण्यासाठी मात्र समीक्षकाला कलाकृतीकडेच वळावे लागते.