‘एबीसी’ म्हणजे ‘सगळ्याला चालतं’ नव्हे

कारखान्यात, बँकेत, हॉटेलच्या मागच्या दारी, जिथे म्हणून भिंतीवरच्या लाल सिलिंडरचा विषय निघतो, तिथे एक वाक्य ठरलेलं असतं: “एबीसी आहे साहेब, सगळ्याला चालतो.” बोलणारा कधी सुरक्षारक्षक असतो, कधी मॅनेजर, तर कधी चक्क सिलिंडर विकायला आलेला माणूस. हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते खोडून काढण्यावाचून गत्यंतर नाही. त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘सगळं’ असा होत नाही. तीन अक्षरं म्हणजे तीन प्रकारच्या आगी, एवढंच.

आपल्याकडे आगीचे वर्ग काय जळतं आहे त्यावरून ठरतात. ‘ए’ म्हणजे लाकूड, कागद, कापड यांसारखे निखारा धरणारे पदार्थ. ‘बी’ म्हणजे पेट्रोल, थिनर, ऑइल पेंट असे ज्वलनशील द्रव. ‘सी’ म्हणजे वायू: एलपीजी, पाइप गॅस, अ‍ॅसिटिलीन. ‘डी’ म्हणजे मॅग्नेशियम, सोडियमसारखे धातू. आणि कढईत किंवा फ्रायरमध्ये पेटलेलं खाद्यतेल हा ‘एफ’ वर्ग.

गोंधळाचं एक मूळ इथेच आहे. प्रशिक्षणाच्या अनेक स्लाइड्स अमेरिकन साहित्यातून जशाच्या तशा उचललेल्या असतात. अमेरिकेत ‘सी’ म्हणजे विजेच्या उपकरणांची आग आणि खाद्यतेलाची आग म्हणजे ‘के’. आपल्याकडे आणि युरोपात ‘सी’ म्हणजे वायू. त्यामुळे ‘सी लिहिलंय म्हणजे विजेला चालतं’ हा निष्कर्ष इथे चुकीचा आहे. आपल्या वर्गवारीत विजेला स्वतंत्र अक्षरच नाही, कारण वीज स्वतः जळत नाही. जळतं ते वायरचं आवरण, प्लास्टिक, धूळ. विजेवर कोणता सिलिंडर चालतो आणि किती व्होल्टपर्यंत, ते त्याच्या लेबलवर वेगळं लिहिलेलं असतं. तेच वाचायचं. आणि शक्य असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा. प्रवाह तुटला की ती इतर कुठल्याही आगीसारखीच आग उरते.

आता ‘सगळ्याला चालतं’ हा समज कुठे अंगाशी येतो ते पाहू.

पहिली जागा कँटीन. खोल फ्रायरमधलं तेल पेटलं की एबीसी पावडरने ज्वाळा दिसेनाशी होते, पण तेल तसंच भडकण्याइतकं तापलेलं राहतं. पावडर खाली बसली की ते पुन्हा पेटतं. जवळून जोरात फवारा मारला तर तेल उडतं ते वेगळंच. पाणी टाकणं तर आत्मघात आहे: पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ होताना पाण्याचं आकारमान सुमारे १७०० पट वाढतं. ती वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते. म्हणून मोठ्या स्वयंपाकघरात ‘एफ’ वर्गाचा, पोटॅशियम क्षारांच्या द्रावणाचा सिलिंडर हवा. साबण बनवताना तेल आणि क्षार यांच्यात जी क्रिया होते तीच इथे होते. तेलावर साबणासारखा थर धरतो, हवा तुटते आणि तेल निवतही जातं. लहान कढई असेल तर गॅस बंद करा, घट्ट धातूचं झाकण ठेवा आणि कढई उचलू नका.

दुसरी जागा गॅसची. इथे ‘सी’ लिहिलेला सिलिंडर लागू आहे, तरी धोका संपत नाही. गळणाऱ्या एलपीजीची ज्योत विझवली आणि गळती चालूच राहिली, तर न जळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. मग एखादी ठिणगी पुरते. गॅसच्या आगीत पहिलं काम व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर बंद करण्याचं. पुरवठा तोडता येत नसेल तर ज्योत विझवण्याचा हट्ट धरू नका. माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा.

तिसरी जागा लिथियम-आयन बॅटऱ्यांची. ई-स्कूटर आता कंपनीच्या पार्किंगमध्येच चार्जिंगला लागतात. ‘लिथियम म्हणजे धातू, म्हणून डी वर्ग’ असं सांगणारे भेटतात. पण या बॅटरीत जळतो तो मुख्यतः ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट, आणि उष्णता आत, सेलमध्येच तयार होत राहते. पावडर वरची ज्वाळा मारते, आतली उष्णता नाही. अशी बॅटरी थंड करायला भरपूर पाणी लागतं, ते काम अग्निशमन दलाचं. आपलं काम लांब होण्याचं, कारण तिचा धूर विषारी असतो.

मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही घातक. पाण्यातून हायड्रोजन निघतो, आणि मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडमध्येही जळतं. तिथे धातूसाठीचीच खास पावडर हवी.

आणखी एक घोटाळा डोळ्यांना दिसत नाही. सोडियम बायकार्बोनेटची जुन्या पद्धतीची ‘बीसी’ पावडर आणि मोनो अमोनियम फॉस्फेटची ‘एबीसी’ पावडर, दोन्ही बाहेरून सारख्याच लाल सिलिंडरात असतात आणि बोलताना दोन्हींना ‘डीसीपी’ (ड्राय केमिकल पावडर) म्हटलं जातं. कापडाच्या गठ्ठ्यांच्या गोदामात बीसी पावडर ज्वाळा मारेल, निखारा नाही. एबीसी पावडर तापून वितळते, निखाऱ्यावर चिकट थर धरते, म्हणून ती ‘ए’ला चालते. कार्बन डायऑक्साइडचंही तेच: सर्व्हरच्या पॅनलला तो उत्तम, कारण मागे काही उरत नाही. पावडर मात्र सर्किटवर बसून ते गंजवते. पण गठ्ठ्यांवर तो वायू उडून जातो आणि आग पुन्हा धुमसू लागते.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*काटा हिरव्यात आहे, म्हणजे सिलिंडर ठीक.* काटा फक्त दाब सांगतो. आत पावडरचा गोळा झाला असेल, नोझल बुजलं असेल, तर काट्याला त्याची खबर नसते.

*कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नाही, म्हणजे तो खराब.* त्याला काटा नसतोच. त्याची तपासणी वजन करून होते.

*सिलिंडर बराच वेळ चालतो.* ६ किलोचा पावडरचा सिलिंडर साधारण पाव मिनिटात रिकामा होतो. नेम धरायला शिकण्याची वेळ ती नव्हे.

*ज्वाळांवर मारायचं.* फवारा आगीच्या बुडाशी मारायचा. पिन ओढा, नोझल बुडाशी धरा, हँडल दाबा आणि झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवा.

*कार्बन डायऑक्साइड निरुपद्रवी आहे.* लहान बंद खोलीत तो माणसाला गुदमरवतो. त्याच्या हॉर्नला उघडा हात लावाल तर गारठ्याने कातडी भाजते.

*थोडाच वापरला, परत टांगून ठेवा.* एकदा हँडल दाबलं की दाब गळत राहतो. रिफिल केल्याशिवाय तो भिंतीवर लावू नका.

*सिलिंडर आहे म्हणजे आग विझवलीच पाहिजे.* सिलिंडर कचऱ्याच्या डब्याएवढ्या सुरुवातीच्या आगीसाठी असतो. आग कमरेवर गेली, धूर डोक्याशी आला, किंवा तुमची पाठ दाराकडे नसेल, तर सिलिंडर टाका आणि बाहेर पडा. १०१ किंवा ११२ ला फोन सिलिंडर उचलण्याआधी जायला हवा.

कोणता सिलिंडर कुठे लावायचा आणि त्याची देखभाल कशी करायची, याची संहिता ‘आयएस २१९०’ या भारतीय मानकात आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते प्रमाणपत्र फाइलीत असणं पुरेसं नाही. आज तुमच्या टेबलापासून सर्वांत जवळच्या सिलिंडरपर्यंत चालत जा. त्याच्यासमोर खोकी रचलेली असतील तर हलवा. लेबलवरची अक्षरं वाचा, रिफिलची तारीख पाहा, आणि त्या जागी खरोखर काय पेटू शकतं ते ठरवा. अक्षरं आणि ती वस्तू जुळत नसतील, तर भिंतीवर टांगलेला तो सिलिंडर तुमच्या कामाचा नाही. तो आजच बदलून घ्या.